माळ, थाळ आणि जाते



सायंकाळी दिंडी मुक्कामाला पोचली की तुम्ही टाळ घेऊन हरिपाठाला उभे राहता. त्या वेळी किती जणांच्या हातात पुस्तक असते? माझ्या पाहण्यात दहातल्या एकाच्या, आणि तोही बहुधा या वर्षी नव्याने आलेला असतो. बाकी सगळे डोळे मिटून म्हणतात. शेजारची आजीबाई सही करायची तर अंगठा पुढे करते, पण सत्ताविसाव्या अभंगापर्यंत तिची जीभ कुठे अडत नाही. हे तिला कोणी शिकवले असे विचारले तर ती म्हणते, "शिकवायचं काय त्यात? ऐकत आले."

तिचे हे उत्तर मी आयुष्यभर पुरवून वापरले. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे होतो. त्या काळात आमच्याकडे पुस्तके थोडी आणि पाठांतर फार. पहाटे इंद्रायणीवरून आलो की संथा सुरू. गुरुजी एक ओवी म्हणत, आम्ही दोनदा म्हणायची. ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर गुरुजी बोलत नसत, नुसते थांबत. तेवढ्याने घाम फुटे. आज वय शहात्तर झाले, गळा गेला, चार वर्षांपूर्वी कीर्तनाला रामराम केला. कालच्या जेवणात भाजी कोणती होती ते आठवत नाही, पण त्या थांबण्याच्या जागा अजून आठवतात.

तेव्हा माउली, लेखणीशी माझे वैर नाही. नेवाशाला सच्चिदानंदबाबा लिहायला बसले म्हणून ज्ञानेश्वरी आपल्याला मिळाली. संताजी जगनाड्यांनी वह्या केल्या म्हणून तुकोबारायांचे पुष्कळ धन वाचले. त्याआधी शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तीनशे वर्षांत पाठ फार बिघडले होते. यात कोणी आपल्या पदरची भर घालू नये अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. १८६९ साली मुंबई सरकारच्या मदतीने गाथा छापली, तेव्हा देहू, कडूस, तळेगाव, पंढरपूर अशा जागांच्या वह्या समोर ठेवाव्या लागल्या. वही लागतेच. पण वही कोणाची झाली आणि कोणाची झालीच नाही, हे विचारले पाहिजे. मला तुमच्याशी आज त्याच लोकांबद्दल बोलायचे आहे, ज्यांची वही झाली नाही.

आमच्या नाशिक जिल्ह्याचा पश्चिमेचा भाग तुम्हांपैकी पुष्कळांना माहीत असेल. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, तिकडे कळवणचा डोंगर. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी या, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या दिंड्या दिसतील. थंडी हाडात शिरते आणि ही मंडळी एका पातळ चादरीवर रात्र काढून भजन करतात. त्यांत कोकणा असतात, महादेव कोळी असतात, वारली असतात. कोकणा म्हणजे कोकणातले नव्हेत; नाव फसवे आहे. नाशिक, धुळे, पालघर आणि पलीकडे गुजरातेत डांग, वलसाड, नवसारी असा त्यांचा पसारा. त्यांची बोली तुम्ही-आम्ही नीट कान दिला तर अर्धी कळते, अर्धी सटकते. मराठीची बहीण म्हणा. कोणी तिला गुजरातीची बहीण म्हणतो. दोघींच्या मध्ये ती आपली आपण उभी आहे.

पंचेचाळीस वर्षे होत आली असतील. सुरगाण्याच्या बाजूला एका पाड्यावर कीर्तनाला बोलावले होते. एसटी फाट्यावर सोडून पुढे अडीच तास चालणे. मार्गशीर्षाचे दिवस, नागली खळ्यावर आलेली. त्या महिन्यात तिकडे डोंगऱ्यादेवाचा उत्सव चालतो, रात्री दूरवरून पावरीचा आवाज येतो. कीर्तन आटोपले, नागलीची भाकर आणि उडदाचे पातळ कालवण जेवलो. मी आडवा होणार तोच खळ्याच्या अंगाने एक सूर ऐकू आला. वीणेसारखा एकच धरलेला, पण तारेचा नव्हे. भुंगा घरात कोंडला म्हणजे जसा घुमतो तसा.

उठून गेलो. एक म्हातारबाबा बसले होते, पुढे कांशाची थाळी. थाळीच्या मध्यावर मेणाचा गोळा, त्या मेणात एक बारीक काडी उभी रोवलेली. काडीवरून ते दोन्ही हातांची बोटे वरून खाली ओढत, एक हात सुटला की दुसरा, आणि सगळी थाळी घुमे. त्या सुरावर ते कथा सांगत होते. एक जण शेजारी बसून हुंकार देत होता. हा हुंकारवाला गप्प बसला तर कथा पुढे जात नाही. तुम्ही कीर्तनात टाळकऱ्यांना पाहता ना, ध्रुवपद धरून बुवांना श्वास घेऊ देतात, तसेच काम.

ही थाळकथा. कणसरीची कथा होती. कणसरी म्हणजे धान्याची माता. खळे भरले की तिची कथा सांगतात, मग नागली घरात नेतात. रामकथाही थाळीवर सांगतात आणि ती आपल्या पोथीतल्या कथेहून कितीतरी ठिकाणी निराळी असते. काही जण ऐकून नाक मुरडतात. मी म्हणतो, नाथांचे भावार्थ रामायण तरी वाल्मीकींच्या पावलावर पाऊल टाकून कुठे जाते? आणि तेही नाथांच्या हातून पुरे झाले नाही, उरलेले गावबाने पुरे केले असे परंपरा सांगते. एकाने सोडले तिथून दुसऱ्याने धरावे, ही रीत आपल्याला परकी नाही.

कथा त्या रात्रीत संपली नाही. पहाटे थाळी उताणी ठेवून बाबा म्हणाले, उरलेली उद्या. मी विचारले, "बाबा, हे कुठं लिहून ठेवलंय का?" ते हसले. "महाराज, लिहिली तर थाळ काय करल?"

मला दुसऱ्या गावी कीर्तन होते, म्हणून दुसरी रात्र मी ऐकली नाही.

यानंतर त्या भागात माझे जाणे-येणे वाढले. माळकरी वाढले, सप्ताह सुरू झाले, दारू पुष्कळ घरांतून गेली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि संप्रदायाने त्या डोंगरात जे केले त्याचा मला आनंद आहे. जी बाई पूर्वी संध्याकाळी मार खायची ती हरिपाठाला मांडी घालून पुढे बसू लागली. याला कोणी धर्माचा दिखावा म्हणेल तर म्हणो, त्याने एकदा त्या बाईला विचारावे.

पण त्याबरोबर दुसरेही काही झाले, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. पंधरा वर्षांपूर्वी त्याच पाड्यावर काल्याच्या कीर्तनानंतर मंडळी बसली होती. त्या म्हातारबाबांचा नातू, आता स्वतः दिंडी चालवणारा, उभा राहिला. म्हणाला, "महाराज, एक शंका आहे. एका बुवांनी सांगितलं की माळ घातली की थाळ सोडायची. ती जुनी देवं, ती जुनी भाषा. आमच्या बापानं माळ घातली, थाळ आढ्याला टांगली. आता कणसरीच्या दिवसाला म्हातारी माणसं विचारतात, कथा कोण सांगल? आम्ही सांगावी का सांगू नये?"

माउली, शंका लहान नाही. अनन्यता हा आपल्या मार्गाचा कणा आहे. तुकोबारायांनी शेंदूर फासलेल्या, नवसाला बकरे मागणाऱ्या दैवतांवर कोरडे ओढले आहेत आणि ते मी कीर्तनात शेकडो वेळा सांगितले आहेत. तेव्हा "काही हरकत नाही, सगळे देव एकच" असे गुळमुळीत उत्तर देऊन मला उठता येत नव्हते. मी त्याला उलट विचारले, "कथेत बकरं लागतं का?" म्हणाला, "नाही, कथेला नाही." "दारू?" "कथा सांगणाऱ्याला पूर्वी द्यायचे. न देता पण चालल." "मग कथेत काय लागतं?" थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "थाळ, मेण, काडी. आणि हुंकार देणारा."

मग मी सभेत स्पष्ट सांगितले. तुळशीची माळ घातल्याने मद्य सुटते, मांस सुटते, एकादशी लागते, पंढरीची वाट लागते. आईची भाषा सुटावी असे माळेत कुठेही नाही. नाथमहाराजांनी भारुडे कोणाच्या तोंडून सांगितली ते आठवा. वासुदेव, गोंधळी, वाघ्या, जोगवा मागणारी भुत्या-आराधीण, कैकाडीण. दारोदार फिरणारा प्रत्येक जण नाथांनी घरात घेतला, त्याची चाल घेतली, त्याचे शब्द घेतले आणि त्याला परमार्थाचे बोलते केले. वासुदेवाला त्यांनी टोपी उतरवायला सांगितली नाही. आणि ज्ञानोबामाउलींनी तर प्रत्यक्ष पांडुरंगालाच कानडा म्हणून ठेवले आहे. ज्याचा देव परभाषेचा, त्याने शेजाऱ्याच्या बोलीला जुनी-पुराणी म्हणायचे कोणत्या तोंडाने? कणसरी म्हणजे अन्न. पहिला घास घेण्याआधी तुम्ही हात जोडता, तेच ते एक रात्रभर जोडतात.

सभेतल्या दोघा-तिघांना हे रुचले नाही. एक जण उठून बाहेर गेले. पुढच्या वर्षी मला त्या सप्ताहाचे आमंत्रण नव्हते, हेही सांगून टाकतो. तक्रार नाही. सप्ताह चालवणाऱ्यांना सगळ्यांचे मन राखावे लागते.

थाळ मात्र आढ्यावरून उतरली. नातवाने तेवढे केले. त्याच्या वडिलांनी दोन हिवाळे कथा सांगितली आणि मला निरोप पाठवला म्हणून मी एकदा मुद्दाम गेलो. ऐकताना लक्षात आले की मधले मोठे तुकडे गेले आहेत. सूर अखंड, बोटे बरोबर, पण तीस वर्षे टांगलेल्या थाळीबरोबर शब्दही टांगलेले राहिले होते. कुठे कुठे ते नुसता सूर धरून बसत आणि पुढच्या ठिकाणाहून उचलत. नातवाला चाल येते, शब्द येत नाहीत. त्याची मुले आश्रमशाळेत शिकतात. घरी आजी बोलीत विचारते आणि ती पुस्तकी मराठीत उत्तर देतात. लाजतात. ही लाज कोणी पेरली ते मला ठाऊक आहे. शाळेने थोडी, बाजाराने थोडी, आणि आपल्यातल्या काही कीर्तनकारांनीही. श्रोत्यांना हसवायचे म्हणून डोंगरातल्या माणसाची बोली वेडीवाकडी करून दाखवायची, ही खोड अलीकडे फार वाढली आहे. लोक हसतात. मागे बसलेला तो माणूसही हसतो, आणि घरी जाऊन पोराशी त्या भाषेत बोलणे बंद करतो. विनोद करणाऱ्या बुवांना हे दिसत नाही, कारण ते तेव्हा पाकीट मोजत असतात.

हे एका पाड्याचे दुखणे असते तर मासिकाची पाने अडवली नसती. १९६१ च्या शिरगणतीत आपल्या देशात १६५२ मातृभाषा नोंदल्या गेल्या. पुढच्या, १९७१ च्या शिरगणतीपासून दहा हजारांपेक्षा कमी बोलणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या दाखवणे थांबले आणि यादी एकदम शंभराच्या आसपास आली. नाव गेले म्हणून बोलणारे गेले असे नव्हे, पण ज्याचे नाव यादीत नाही त्याची विचारपूस कोण करतो? मग २०१० मध्ये गणेश देवी यांनी लोकांच्या हातून भाषांचे सर्वेक्षण सुरू केले आणि ७८० भाषा मोजल्या. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला आहे. वाचनाची आवड असेल त्यांनी तो जरूर पाहावा. पंढरीच्या वाटेवर आपल्याशेजारी कोण कोण चालते ते कळेल.

त्याच २०१० च्या जानेवारीत अंदमानात बोआ नावाची एक वृद्ध स्त्री वारली. बो ही भाषा जाणणारी ती शेवटची. तिच्या भाषेत तिला उत्तर देणारे कोणी उरले नव्हते. मी हे वाचले तेव्हा मला थाळीशेजारचा तो हुंकारवाला आठवला. सांगणारा असून भागत नाही.

अंदमान दूर वाटेल, तर शेगावला जाणाऱ्यांनी तिथून उत्तरेला जळगाव जामोदकडे पाहावे. सातपुड्याच्या पायथ्याला निहाली म्हणून एक भाषा बोलतात. मराठी, कोरकू आणि द्राविडी भाषा यांचे शब्द तिने भरपूर घेतले आहेत, पण मूळ भाषा यांतल्या कोणाचीच नाही. जगात तिचे गोत्र जुळत नाही असे भाषेचे जाणकार म्हणतात. बोलणारे काही हजारांच्या आतच. गजानन महाराजांच्या दर्शनाला लाखोंनी लोक जातात, त्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकले आहे? संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे दशक अशा आदिवासी भाषांसाठी म्हणून जाहीर केले आहे. चांगले आहे. मात्र जाहीर करून भाषा राहिली असे अजून पाहिले नाही. ती चुलीपाशी राहिली तर राहते.

आता म्हणाल, महाराज, आम्ही डोंगरातले नाही, आमची मराठी खणखणीत आहे, आमचे काय गेले? तुमचे जाते गेले, माउली.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ग्रंथात, इ.स. ११२९ च्या सुमारास, नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे. ज्ञानोबारायांनी गीता सांगायला जो छंद घेतला तो बायकांच्या तोंडी आधीपासून होता. आमच्या संप्रदायाचे मूळ कुठे म्हणून कोणी विचारले तर मी आळंदी आणि पंढरी दोन्ही सांगतो, आणि तिसरे नाव उखळ-जात्याचे घेतो. जनाबाईंच्या जात्याला पांडुरंगाने हात लावला ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण जात्यावर बसलेली प्रत्येक बाई असेच कोणाला तरी हाक मारीत असे. विठ्ठलाला, माहेरच्या भावाला, कधी सासूच्या नावाने जात्यालाच.

साने गुरुजींनी या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' सिद्ध केले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून इथे येऊन राहिलेले गी पॉइत्व्हँ यांनी हजाराहून जास्त गावे धुंडाळून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एक लाख, आणि एकीखालीही लिहिणारीची सही नाही, कारण लिहिणारी नव्हतीच. खानदेशात बहिणाबाई चौधरी होत्या. अक्षरओळख नाही, सगळे जिभेवर. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी काही उतरवून घेतले आणि बाई गेल्यावर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले, तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. त्यांचा मुलगा कवी होता म्हणून निदान तेवढे हाती लागले. ज्यांचा मुलगा शेतकरी होता, हमाल होता, त्यांचे काय लागले?

माझ्या आईचे लागले नाही. ती पहाटे दळायची तेव्हा मी तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपायचो, जात्याची घरघर पाठीतून कानात यायची. पुढे गावात गिरणी आली, आईचे खांदे सुटले. ती गिरणीला आशीर्वाद देई आणि ते खरेच होते. दळणाचे कष्ट ज्याने काढले नाहीत त्याने जात्याचे गोडवे गाऊ नयेत. पण गिरणी आल्यावर ओवी म्हणायला तिला जागा राहिली नाही. मी आळंदीहून परत आलो, तेव्हा ती माझ्याकडून अभंग ऐकून घेई. म्हणायचा विषय निघाला की म्हणे, "आता तुझं ऐकायचं."

म्हणून दिंडीप्रमुखांना आणि फडकऱ्यांना माझी विनंती आहे. मुक्कामाला हरिपाठ झाल्यावर, कीर्तनाला उभे राहण्याआधी, अर्धा तास मोकळा ठेवा. दिंडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला पुढे बसवा. ती अहिराणीत म्हणो, वऱ्हाडीत म्हणो, झाडीबोलीत म्हणो, डांगीत म्हणो. मध्ये कोणी शुद्ध करू नये. पोरांकडे फोन आहेतच, पंढरपूरपर्यंत ते स्वतःचेच फोटो काढतात; एकाने आवाज भरून घ्यावा आणि बाईचे नाव, गाव, वर्ष सांगून ठेवावे. एवढ्याला वर्गणी लागत नाही. डोंगरातली दिंडी वाटेत भेटली तर त्यांच्यातल्या जाणत्याला विचारा, थाळ आणली आहे का. आणली नसेल तर पुढच्या वर्षी आणायला सांगा, आणि हुंकार द्यायला तुमच्यातला एक बसवा. अर्थ अर्धाच कळेल. ज्ञानेश्वरीही पहिल्यांदा ऐकली तेव्हा आपल्याला किती कळली होती?

घरी सध्या माझी विहीणबाई राहायला आल्या आहेत, सुनेच्या आई. ब्याऐंशीच्या. सिन्नरकडच्या माहेरच्या ओव्या त्यांना शेकड्यांनी येतात असे सून सांगते. नात वही घेऊन समोर बसली. विहीणबाईंनी दोन म्हटल्या आणि थांबल्या. डोळे मिटले, हात हवेत फिरवून पाहिला, आणि म्हणाल्या, "नाही गं येत. खुंटा हातात नसला की सुचत नाही." मग मुलाने माळ्यावरचे जाते खाली उतरवले. तळी फुटलेली नाही, खुंटा नवा बसवला, पण टाकवून घेतल्याशिवाय दाणा धरत नाही. टाकी लावणारा पाथरवट आमच्या तालुक्यात आता कोणी उरला नाही. नांदूरमध्यमेश्वराच्या बाजूला एक जण आहे असे कळते. येत्या बुधवारी मुलगा त्याला आणायला जाणार आहे.